पाळी आणि बोली

व्यावसायिक खेळात नव्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी कशी करावी, या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक बोलीचे, म्हणजे लिलावाचे. दुसरे पाळीचे, ज्याला मराठीतही ‘ड्राफ्ट’ असेच म्हटले जाते आणि ज्यात प्रत्येक संघ आपली पाळी आली की यादीतील एक खेळाडू निवडतो. महाराष्ट्रात पहिली पद्धत इतकी रुळली आहे की दुसरीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. तरीही तिचा येथील इतिहास, तोकडा असला तरी, क्रिकेट आणि खो-खो या दोन्ही खेळांतून गेलेला आहे, आणि नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने त्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे.

पाळीची पद्धत अमेरिकन फुटबॉलमध्ये रुजली. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारण्याच्या या खेळात विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या उत्तम खेळाडूंना श्रीमंत संघ पैशाच्या जोरावर ओढून नेत, आणि दुबळे संघ दरवर्षी अधिकच दुबळे होत. फिलाडेल्फिया ईगल्स या अशाच एका हरणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये असा प्रस्ताव मांडला की मागील हंगामात सर्वांत तळाला राहिलेल्या संघाने सर्वांत आधी निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ९ संघांनी ९ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर मात्र व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. निवड करणे आणि निवडलेला खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरणे यांत अंतर असते, हे पहिल्याच वर्षी दिसून आले.

पुढे पाळीलाच मोल आले. हाती असलेली पाळी दुसऱ्या संघाला देऊन तिच्या बदल्यात खेळाडू किंवा नंतरच्या अनेक पाळ्या मिळवता येत असल्याने, १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज या संघाने प्रत्येक पाळीला गुण देणारा एक तक्ता तयार केला. त्यात पहिल्या पाळीला ३००० आणि दुसरीला २६०० गुण होते. संघात ज्या जागेची उणीव आहे ती भरावी की यादीतील सर्वांत गुणी खेळाडू, जागा असो वा नसो, उचलावा, हा ड्राफ्टच्या डावपेचांतील मूळ पेच आहे आणि या तक्त्यानंतरही तो सुटलेला नाही.

महाराष्ट्रात खेळाडूची निवड आधी आश्रयातून होत असे. संस्थानिक पैलवानाला पदरी ठेवीत, त्याचा खुराक चालवीत, आणि दंगलीत तो त्या दरबाराच्या नावाने लढे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान या परंपरेची आजही साक्ष देते. पुढे संघटनांच्या निवड समित्या आल्या, ज्या जिल्ह्याचा आणि राज्याचा संघ ठरवीत, आणि रेल्वे, बँका, पोलीस दल यांसारख्या आस्थापना आल्या, ज्या खेळाडूला नोकरी देऊन आपल्या संघात घेत. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या असंख्य कुटुंबांची चूल या नोकऱ्यांवर पेटली, आणि ‘खेळामुळे नोकरी लागली’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रात आजही मानाने उच्चारले जाते. या व्यवस्थेत खेळाडूची किंमत चारचौघांत पुकारली जात नसे.

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला आणि ती पुकारली जाऊ लागली. नाशिक जिल्ह्याला लिलाव हा शब्द नवा नव्हता. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापारी ढिगात हात घालून चार कांदे वर काढतात, साल आणि आकार पाहतात, आणि क्विंटलमागे बोली चढत जाऊन काही क्षणांत भाव फुटतो. शेतकरी बाजूला उभा राहून वर्षाच्या कष्टाचा आकडा ऐकतो. खेळाडूंच्या लिलावाची भाषा मराठी वाचकाला लगेच कळली, त्याचे एक कारण ही ओळख असावी. मात्र कांद्याचा भाव पडला तर पुढची ट्रॉली असते. ज्या खेळाडूवर कोणीच बोली लावत नाही, त्याचे वय पुढच्या लिलावापर्यंत वाढलेले असते. हा फरक मोठा आहे, आणि लिलावाच्या झगमगाटात तो विसरला जातो.

त्याच लीगने दोनदा पाळीची पद्धतही वापरली. मार्च २००८ मध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंची वाटणी ठरावीक मानधनावर ड्राफ्टने झाली, तेव्हा दिल्लीच्या संघाने, आपल्याकडे फलंदाज पुरेसे आहेत या विचाराने, डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला आणि विराट कोहली बंगळूरुकडे गेला. गरज आणि गुणवत्ता यांतील पेचाचे याहून बोलके उदाहरण भारतीय खेळात सापडणे कठीण. दुसरा प्रसंग पुण्याशी संबंधित आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ उलट्या बोलीने विकले गेले. या बोलीत नियामक मंडळाकडून सर्वांत कमी रक्कम मागणारा, किंवा काहीही न घेता उलट त्यालाच सर्वांत जास्त पैसे देऊ करणारा, पुढे राहतो. पुण्याने १६ कोटी आणि राजकोटने १० कोटी रुपये देऊ केले, त्यामुळे पहिली पाळी पुण्याला मिळाली. १५ डिसेंबरच्या ड्राफ्टमध्ये पुण्याने महेंद्रसिंह धोनी, राजकोटने सुरेश रैना, मग पुण्याने अजिंक्य रहाणे, राजकोटने रवींद्र जडेजा अशा एकाआड एक पाच-पाच निवडी झाल्या. येथे पाळीचा क्रम दुबळेपणावर ठरला नाही, तो पैशाने ठरला. बेल यांच्या योजनेचा सांगाडा आला, पण तिचा हेतू मागेच राहिला.

मराठी मातीतल्या खेळाने ड्राफ्ट अधिक गांभीर्याने स्वीकारला. अल्टिमेट खो-खो या लीगच्या पहिल्या हंगामासाठी १४ जुलै २०२२ रोजी पुण्यात सहा संघांनी खेळाडू निवडले. खेळाडूंचे चार गट करून त्यांचे मानधन ५ लाख, ३ लाख, दीड लाख आणि १ लाख रुपये असे आधीच ठरवलेले होते. त्यामुळे कोणता संघ किती श्रीमंत याला अर्थ उरला नाही आणि प्रशिक्षकाच्या पारखीला महत्त्व आले. ही पारखही नव्याने करावी लागली, कारण लीगच्या लहान मैदानावर पारंपरिक नऊऐवजी सातच खेळाडू उतरत, आणि ‘वजीर’ या नव्या भूमिकेतील आक्रमकाला दिशेचे बंधन न पाळता हव्या त्या बाजूने धावण्याची मुभा होती. साखळी धरून दमाने पळणारा संरक्षक आधी घ्यावा, खांबावर सूर मारून गडी टिपणारा आक्रमक घ्यावा, की हुलकावणीला न फसणारा वजीर, याचा निर्णय पहिल्या दोन फेऱ्यांतच करावा लागे, कारण पाळी पुन्हा येईपर्यंत चांगली नावे यादीतून गेलेली असत. बालेवाडीत झालेल्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघावर ४६-४५ अशी मात केली. एका गुणाचा हा फरक निवडीच्या समतोलाबद्दल पुष्कळ काही सांगतो, जरी एका सामन्यावरून सिद्धांत मांडणे योग्य होणार नाही.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगने मात्र पुन्हा लिलावाचा मार्ग धरला. नाशिकचा संघ ९ कोटी १० लाख रुपयांच्या बोलीवर ईगल इन्फ्रा या कंपनीने घेतला, त्याचे नाव ईगल नाशिक टायटन्स झाले आणि राहुल त्रिपाठी त्याचा आयकॉन, म्हणजे लिलावाआधीच नेमून दिलेला प्रमुख खेळाडू, ठरला. प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी २० लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. त्या लिलावात कोल्हापूरने नौशाद शेखसाठी ६ लाख रुपये मोजले, म्हणजे एका फलंदाजावर जवळजवळ तिसरा हिस्सा खर्च केला आणि उरलेल्या रकमेत सारा संघ बसवला; असा जुगार पाळीच्या पद्धतीत संभवत नाही. नाशिकच्या या संघाने २०२५ मध्ये विजेतेपदही मिळवले. पण पहिल्या हंगामाचे सारे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे झाले, आणि लिलावातून आलेल्या खेळाडूला ज्या शहराचे नाव छातीवर आहे त्या शहराशी बांधणारे काही नसते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्राचे रणजी सामने पाहायला जमणाऱ्या प्रेक्षकांना हे अंतर जाणवल्यावाचून राहत नाही.

नाशिकच्या खेळाचे खरे बळ ज्या ठिकाणी आहे, तेथे पाळीही पोचलेली नाही आणि बोलीही नाही. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी मुली शाळेच्या मैदानावर, पुष्कळदा अनवाणी, खो-खो शिकतात. अलंगुणसारख्या गावातून त्या जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघांत जातात. अल्टिमेट खो-खोचे २०२२ आणि २०२३-२४ हे दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी जिंकला, आणि महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राचीच होती. तरीही महिलांचा ड्राफ्ट तोवर एकदाही झालेला नव्हता. दुबळ्याला पहिली पाळी द्यावी, या बेल यांच्या मूळ विचाराला नाशिकच्या डोंगरी तालुक्यांइतकी योग्य जागा दुसरी नव्हती, आणि त्या मुलींसमोर आजही निवड समितीच्या चाचणीचा तोच जुना मार्ग आहे, जो पहाटेच्या एसटीने नाशिकला पोचण्यापासून सुरू होतो.