लहान बोअरची रायफल व हरणांची शिकार (बुलढाणा जिल्हा)

खामगाव–बुलढाणा परिसरातील ज्ञानगंगा अभयारण्यात चितळ, सांबर व भेकर आढळतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांची शिकार हा गुन्हा आहे. हातात कोणती बंदूक होती, याने त्यात फरक पडत नाही. ०.२२ बोअरच्या रायफलीची गोळी पेन्सिलीहून बारीक, वजनाला जेमतेम अडीच ग्रॅम. वाढलेला सांबर नर दोनशे किलोंच्याही वर भरतो. ही गोळी ससा-पाखरासाठी ठीक. हरणाच्या कुशीत ती उथळ रुतते. छिद्र बारीक, रक्ताचा माग तुटक. जनावर पळते, झुडपात शिरते आणि तासन्‌तास तळमळून मरते. आवाज कमी म्हणून चोरटे शिकारी हीच रायफल निवडतात. हे क्रौर्यच होय.