तळटीप : ‘गोंधळलेला मुखत्यार’

४. गोंधळलेला मुखत्यार : मूळ संज्ञा ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’, नॉर्म हार्डी यांच्या १९८८च्या छोट्या लेखातली. ‘डेप्युटी’ला कोशात उपअधिकारी आहे, पण दुसऱ्याच्या अधिकाराने सही ठोकतो तो मुखत्यार, म्हणून इथे तोच ठेवला. हार्डींचा किस्सा संगणकाचा वेळ भाड्याने देणाऱ्या एका कंपनीतला. तिथल्या कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी एका फोल्डरात लिहिण्याची मुभा होती. बिलांची फाइलही त्याच फोल्डरात. एका ग्राहकाने ‘माझे आउटपुट कुठे ठेवायचे’ म्हणून नेमके त्या फाइलचे नाव दिले. त्याला स्वतःला तिला हातही लावता आला नसता. कंपायलरने मात्र आपल्या अधिकारात ती निमूटपणे खोडून वर लिहिले. बिले गेली.

लेखकाने हा दाखला एआय एजंटांना लावला तो रास्तच, पण कंपायलरला निदान आज्ञा कोणती आणि फाइलचे नाव कोणते एवढे तरी कळत होते. भाषा-मॉडेलला मालकाची सूचना आणि वाचायला दिलेला परक्याचा ईमेल एकाच मजकुराच्या ओघात मिळतात. ईमेलातले ‘ही कागदपत्रे अमक्याला पाठव’ हे वाक्य ते हुकूम समजू शकते. यालाच सायमन विलिसन यांनी २०२२मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हटले. नाव डेटाबेसवरच्या एसक्यूएल इंजेक्शन हल्ल्यावरून बेतलेले, आणि थोडे फसवे : तिथे आज्ञा व माहिती वेगवेगळी बांधून देता येते, इथे तसा खात्रीचा उपाय नाही. म्हणून सावध मंडळी मुखत्यारपत्रच आखूड ठेवतात. ईमेल वाचणाऱ्या एजंटाला माणसाला विचारल्याशिवाय ईमेल पाठवण्याचा अधिकार देत नाहीत. — संपा.