मध्यस्थाविना जाहिरात : यवतमाळच्या साप्ताहिकापासून लहान संकेतस्थळापर्यंत

प्रस्तावना
वृत्तपत्रांच्या इतिहासात अग्रलेखांची चर्चा विपुल आढळते. जाहिरातींची मात्र क्वचितच. वास्तविक जाहिरात कोण आणतो, तिचा दर कोण ठरवतो आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, यांवर नियतकालिकाचे स्वातंत्र्य बरेचसे अवलंबून असते. लहान संकेतस्थळांनी आपली जाहिरातजागा थेट विकण्याच्या पद्धतीचा प्रस्तुत लेखात याच दृष्टीने, यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

साप्ताहिकांची रीत
लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळ येथे ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्योत्तर काळात जवाहरलाल दर्डा यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले आणि १५ डिसेंबर १९७१ पासून ते नागपूरहून दैनिक स्वरूपात निघू लागले. दैनिकांचा विस्तार झाला तरी तालुक्याच्या गावांतील लहान साप्ताहिकांची रीत जुनीच राहिली. मृगापूर्वी कृषी केंद्रे, जूनमध्ये शिकवणी वर्ग, दिवाळीत सराफ व कापड दुकाने असा जाहिरातींचा हंगाम असे. दर कॉलम सेंटीमीटरवर ठरे. संपादक स्वतः दुकानाची पायरी चढे. उभयतांची ओळख हाच व्यवहाराचा आधार होता.

मोठ्या शहरांत मात्र मध्यस्थ संस्था उदयास आल्या. मुंबईत गिरगाव येथे १९०५ मध्ये स्थापन झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही त्यांपैकी एक आद्य संस्था होय. अशा संस्थांचे प्रचलित कमिशन १५ टक्के असे.

नवा मध्यस्थ
२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर बॅनर जाहिराती झळकल्या आणि या माध्यमातील जाहिरात व्यवसायास आरंभ झाला. गूगलने २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स व जून २००३ मध्ये अ‍ॅडसेन्स सुरू केले. त्यामुळे लहान संकेतस्थळालाही जाहिरातदार न शोधता उत्पन्न मिळू लागले. मात्र २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केल्यानुसार प्रकाशकाचा वाटा ६८ टक्के होता. म्हणजे मध्यस्थाकडे ३२ टक्के राहत. शिवाय या सेवेत हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये स्थान मिळाले, तर मराठीला त्यानंतर. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ तर १९९६ पासून चालू होते. मराठी प्रकाशकांना दीर्घकाळ स्वतःचाच मार्ग शोधावा लागला, असे यावरून दिसते.

थेट विक्रीचे प्रयोग
२००५ मध्ये अ‍ॅलेक्स ट्यू या इंग्लंडमधील तरुणाने एका पानावरील दहा लाख ठिपके प्रत्येकी एक डॉलर दराने विकण्यास काढले. जानेवारी २००६ पर्यंत ते सर्व विकले गेले. २००६ ते २०१८ या काळात चाललेल्या ‘प्रोजेक्ट वंडरफुल’मध्ये लहान संकेतस्थळांच्या जागेचा अखंड लिलाव होत असे आणि आकारणी क्लिकवर नव्हे, तर काळावर होई. थेट विक्रीची पद्धती सुटसुटीत आहे. जाहिरातदार जागा व मुदत निवडतो, चित्र चढवतो, रक्कम भरतो. प्रकाशकाने संमती दिल्यावर जाहिरात झळकते. लहान रकमा गोळा करण्याची अडचण भारतात २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर बरीच दूर झाली.

नकाराचा अधिकार
या पद्धतीतील संमतीची पायरी यवतमाळला विशेष महत्त्वाची आहे. २०१७ च्या खरीप हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शासनाला विशेष चौकशी पथक नेमावे लागले. अशा जिल्ह्यात कीटकनाशकाची जाहिरात स्वीकारणे हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न उरत नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या संकेतांनुसार जाहिरातींसह सर्व मजकुराची जबाबदारी संपादकावर असते. स्वयंचलित व्यवस्थेत काही वर्ग वगळण्याची सोय असली, तरी बहुतेक जाहिराती झळकण्यापूर्वी प्रकाशकाच्या नजरेखालून जात नाहीत.

समारोप
थेट विक्रीत श्रम अधिक आणि ग्राहक मोजके, हे मान्यच केले पाहिजे. ज्या दुकानदाराकडून जाहिरात मिळते त्याला दुखावणे लहान गावात सोपे नसते, हाही तिचा दोष होय. तथापि दर, ओळख आणि नकार या तिन्ही गोष्टी प्रकाशकाच्या हाती राहतात. या अर्थाने ती नवी पद्धती नसून साप्ताहिकाच्या जुन्या रीतीचेच नवे रूप आहे. जिल्ह्यातील लहान संकेतस्थळांनी केवळ ६८ आणि १०० टक्क्यांचा हिशेब न मांडता वाचकाप्रती असलेल्या उत्तरदायित्वाचाही हिशेब मांडावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.