एका बुडबुड्याची गोष्ट

कऱ्हाडच्या धावपट्टीवर एका जुन्या लहान विमानाच्या ब्रेकमधील हवा काढताना मी पाहिले, आणि सांगलीचे मोटार-मिस्त्री आठवले. हवेवर तरंगणाऱ्या यंत्राला हवेचेच वावडे!

कारण जुनेच आहे. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे सांगणारा पास्कलचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. तेल दबत नाही. बुडबुडा मात्र दबतो, आणि वैमानिकाचा पाय नुसताच खाली जातो. म्हणून चाकाकडून तेल वर चढवीत बुडबुडे घालवतात.

मोटारीच्या चारी चाकांना असे ब्रेक १९१७ च्या सुमारास माल्कम लॉकहीडने योजले. तोही मूळचा विमाने बांधणाराच!

उड्डाणाचे कौतुक सारेच करतात. उतरलेला माणूस सुखरूप थांबतो, तो मात्र तेलाने माखलेल्या हातांच्या पुण्याईने.