खजिन्याच्या बेटाचा नकाशा

पिवळटलेला, कडा करपलेला कागद. त्यावर एका अनोळखी बेटाची आकृती, डोंगर, झरे, जहाज नांगरण्याच्या जागा, आणि कोठेतरी तांबड्या शाईची एक फुली. समुद्रचाच्यांनी पुरलेल्या धनाचा नकाशा म्हटला की हेच चित्र लहानथोरांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. इतके परिचित चित्र इतिहासातूनच आले असले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाची साक्ष तशी नाही.

लुटीचा वाटा हाती पडताच तो उधळून टाकावा, अशीच चाच्यांची रीत असे. धन पुरून ठेवल्याची उदाहरणे विरळा. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅप्टन विल्यम किड याचे. हा किड १६९७ साली कारवारला येऊन गेला होता, आणि गोव्याहून त्याच्या पाठलागावर निघालेल्या दोन पोर्तुगीज जहाजांशी त्याची झुंजही झाली होती. पुढे १६९९ साली न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर त्याने सोने, चांदी व रत्ने पुरली. परंतु बेटाच्या मालकास ती जागा ठाऊकच होती. त्याच वर्षी सरकारने ते धन ताब्यात घेऊन त्याची रीतसर यादी केली, आणि १७०१ मध्ये लंडन येथे किडला फाशी झाली. फुलीच्या नकाशाची गरज कोणालाच पडली नाही.

मग हा नकाशा लोकांच्या मनात रुजला कोठून? त्याचे मूळ एका पावसाळी सुट्टीत सापडते.

१८८१ च्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार या डोंगराळ गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक एका लहानशा घरात सहकुटुंब राहिला होता. त्याचे वय तीस. छाती दुबळी, प्राप्ती बेताची, आणि हातून एकही कादंबरी पुरी झालेली नव्हती. बाहेर पाऊस थांबत नव्हता. पत्नीचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा लॉइड, वय वर्षे तेरा, शाई आणि स्वस्तातल्या रंगांची पेटी घेऊन चित्रे काढीत बसे, आणि सावत्र वडील त्याच्या शेजारी येऊन बसत. अशाच एका दिवशी एका बेटाचा नकाशा तयार झाला. स्टीव्हन्सनने पुढे लिहिले की तो आपण काढला. लॉइडने म्हटले की आरंभ आपला, वडिलांनी त्यात भर घातली. कागद खेळाचा होता, याविषयी मात्र दोघांत दुमत नाही.

नकाशा आधी आणि गोष्ट मागाहून, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. त्या रंगीत कागदाकडे पाहता पाहता कल्पनेतल्या झाडीतून माणसे डोकावू लागली, आणि स्टीव्हन्सनने पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे लिहिली. रोजचे लिखाण तो घरात वाचून दाखवी.

ऐकणाऱ्यांत त्याचे वडील थॉमस स्टीव्हन्सन हेही होते. हे दीपगृहे बांधणारे नामांकित इंजिनियर. मुलाने घराण्याचा व्यवसाय सोडला होता. १८७३ साली त्याने आपली धर्मश्रद्धा उरली नसल्याचे सांगितले, तेव्हा धर्मनिष्ठ पित्याच्या मनाला मोठी जखम झाली होती. परंतु या कठोर गृहस्थांस एक जुनी सवय होती. रोज रात्री झोप येईपर्यंत ते स्वतःशीच जहाजांच्या, दरोडेखोरांच्या आणि म्हाताऱ्या खलाशांच्या गोष्टी रचीत, आणि त्यांतली एकही पुरी करीत नसत. मुलाची गोष्ट ऐकताच त्यांनी ती आपलीच मानली. बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय निघावे, याची यादी त्यांनी दिवसाचा बराच भाग खर्चून एका लिफाफ्याच्या पाठीवर तयार केली, आणि मुलाने ती जशीच्या तशी वापरली. धर्माच्या वादात जे दोघे एकमेकांपासून दूर गेले होते, ते एका पोरखेळात शेजारी बसले.

उरलेली गोष्ट त्याच हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे पुरी झाली. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ती आधी क्रमशः आली; १८८३ मध्ये लंडनच्या कॅसल कंपनीने ‘ट्रेझर आयलंड’ या नावाने तिचे पुस्तक काढले. पण हस्तलिखिताबरोबर धाडलेला मूळ नकाशा प्रकाशकांकडे पोहोचलाच नाही. लेखकाला आपलेच पुस्तक पुन्हा वाचून प्रत्येक अंतर व प्रत्येक दिशा टिपावी लागली, आणि कंपास घेऊन दुसरा नकाशा आखावा लागला. वडिलांच्या कचेरीत तो सुबकपणे उतरविण्यात आला; त्यावर फवारे उडविणारे देवमासे आणि शिडाची गलबते आली. दीपगृहांच्या त्या सचोटीच्या इंजिनियरांनी वेगवेगळी अक्षरे वळविण्याचे आपले कसब वापरून कॅप्टन फ्लिंटची सही व बिली बोन्सच्या सूचना स्वहस्ते ‘बनावट’ केल्या. नकाशा सर्व दृष्टींनी बिनचूक झाला. तरीही स्टीव्हन्सनच्या लेखी खरे खजिन्याचे बेट ते कधीच झाले नाही.

नकाशा मांडून खेळण्याचा हा नाद तेथेच संपला नाही. दाव्होसच्या त्या मुक्कामात माळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी डोंगर, नद्या व रस्ते आखून स्टीव्हन्सन व लॉइड शिशाच्या सैनिकांची युद्धे तासन्‌तास खेळत. १९१३ साली एच. जी. वेल्स याने अशा खेळांवर नियमांचे पुस्तकच लिहिले. खेळण्यातल्या सैन्यांच्या खेळांतूनच १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो. एक सूत्रधार भुयारांचा नकाशा स्वतःजवळ झाकून ठेवतो, आणि इतरांनी त्याच्या वर्णनावरून आपला नकाशा आखीत पुढे जावयाचे असते.

अशा खेळांसाठी आज घरोघर जुने भासणारे नकाशे तयार होतात. जाड कागद चुरगळून चहाच्या पाण्यात भिजविला की त्यातील टॅनिनमुळे तो तपकिरी होतो. वाळल्यावर कडा मेणबत्तीवर किंचित करपवितात. पण जुनेपणाचा रंग ही त्यातली सोपी बाजू होय. स्टीव्हन्सनचा उपदेश निराळाच होता: लेखकाने आपला प्रदेश, खरा असो वा कल्पित, तळहाताप्रमाणे जाणावा; अंतरे, दिशा, सूर्य कोठे उगवतो, हे सारे पक्के असावे. बेट खोटे असले तरी त्यावरील झऱ्यापासून बंदराचे अंतर खोटे असून चालत नाही. ज्या कागदावर एवढी निष्ठा खर्ची पडते, त्यावर मुलांचाही विश्वास बसतो.

ब्रेमारचा तो पहिला कागद कोणाच्याही हाती लागला नाही. थॉमस स्टीव्हन्सन १८८७ साली वारले, आणि रॉबर्ट लुई १८९४ साली दूरच्या सामोआ बेटावर. पुस्तकात छापला जातो तो दुसरा नकाशा. त्यावरील फ्लिंटची सही मात्र आजही एका पित्याच्या हातची आहे.