तुमचं काय अडतं?

म्हातारी माणसं आपली नजर घरच्या घरी तपासत असत. सुईत दोरा ओवता येईनासा झाला की आजी नातवाला हाक मारायची. निवडलेल्या तांदळातला खडा कुणाच्या दाताखाली आला की दुसऱ्या दिवशी सूप सुनेच्या मांडीवर दिसायचं. जवळच्या चष्म्याला तर आपल्या भाषेने वयाचंच नाव देऊन टाकलं, चाळिशी. या सगळ्या खुणा कामाला चिकटलेल्या होत्या. नजर किती उरली हे कुणी मोजत नसे, तिच्यावाचून काय अडलं ते मात्र घराला कळत असे. वैद्यकाने ‘तुमचं काय अडतं?’ हा प्रश्न विचारायला फार उशीर लावला. त्या प्रश्नाची ही कुळकथा.

त्याचा थोरला भाऊ म्हणजे ‘किती दिसतं?’ व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने १८५४ मध्ये जवळचं वाचायला लहानमोठ्या टायपांतले उतारे छापले होते, पण त्यांना एक सामाईक माप नव्हतं. ते दिलं नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातल्या हेर्मान स्नेलेन या डोळ्यांच्या डॉक्टरने, १८६२ साली. ठरावीक अंतरावरून प्रत्येक अक्षर डोळ्याशी अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करेल, अशा बेताने त्याने तक्त्यातल्या अक्षरांची उंची ठरवली. निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहा मीटरवरून दिसलं, तर तुमची नजर ६/६०. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी फिरवलेला इंग्रजी ‘ई’ आला. त्याच्या दांड्या वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढं हाताने दाखवलं की पुरे. गावच्या शिबिरात तर तक्ताही लागत नाही. समोरचा माणूस हात वर करतो आणि विचारतो, “बोटं किती?”

या बोटांवर मोठे आकडे उभे राहिले. भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सहा मीटरवरून बोटं मोजता आली नाहीत तर माणूस अंध, ही त्याची व्याख्या अनेक वर्षं चालली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेण्यासाठी ते अंतर तीन मीटरवर आणलं. जगाशी तुलना करायची तर माप एकच हवं, हे खरंच. पण ज्यांची नजर या दोन अंतरांच्या मध्ये होती, ती माणसं कागदावर अंध राहिली नाहीत, आणि त्यांच्या घरातली न दिसणारी पायरी होती तिथेच राहिली.

तक्ता खोटं बोलत नाही, पण तो उजेडातल्या पांढऱ्या कागदावरचं काळं अक्षर विचारतो. म्हाताऱ्या माणसाच्या दिवसात असं अक्षर क्वचितच येतं. तिथे राखाडी फरशीला लागून राखाडी पायरी असते, पांढऱ्या कपात दूध ओतायचं असतं, समोरून गाडीचा झोत येतो. काचबिंदूने कडेची नजर खाल्लेला माणूस तक्त्यावरची बारीक ओळ वाचून उठतो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतो. १९८८ मध्ये डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी नवा तक्ता केला, त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, फक्त खाली जाताना फिकट होत जाणारी. पायरीच्या जवळ जाणारं हे माप होतं. तरीही ते डोळ्याचंच.

माणसाला विचारण्याची रीत डोळ्यांच्या दवाखान्यातली नव्हे, ती वृद्धांच्या शुश्रूषेतून आली. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा गोष्टींची यादी मांडली. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. यातलं कोणतं माणूस स्वतः करतो? १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी पुढची आठ कामं जोडली, त्यांत फोन, बाजार, स्वयंपाक, औषधं, पैशांचा व्यवहार होता. सुरुवातीच्या पद्धतीत पुरुषांचे गुण मोजताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं गाळलं जाई. कोणाचं काय अडतं हे ठरवताना कोणाकडून काय अपेक्षित आहे ते आधीच ठरलेलं असतं, हे मला या यादीतून सर्वांत जास्त कळलं.

ही रीत मोतीबिंदूपाशी पोचली ती एका व्यवहारी अडचणीतून. शस्त्रक्रिया सोपी आणि सुरक्षित होत गेली तशी ती कुणाची करायची, केव्हा करायची, हा प्रश्न आला. ६/१८ नजरेचा एक म्हातारा खुशाल असतो, दुसऱ्याचं सगळं थांबतं. १९९४ मध्ये स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएफ-१४ नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. चौदा कामं, गुण शून्य ते शंभर. बारीक अक्षर, वर्तमानपत्र, जिना, शिवणटिपण, स्वयंपाक, टीव्ही आपल्यालाही ओळखीचे. पण तिच्यात चेक लिहिणं आहे, बिंगो आणि पत्ते आहेत, गोल्फ आहे, दिवसा आणि रात्री गाडी चालवणं आहे. त्याच दशकात मेरीलँडमधल्या सॉल्झबरी इथे ६५ ते ८४ वयाच्या २,५२० जणांचा अभ्यास सुरू झाला, आणि तिथे विचारण्यावर न थांबता कामं करवून घेतली गेली. कुलपात किल्ली घाला, प्लग लावा, फोन फिरवा, चालून दाखवा.

आता गोल्फचा प्रश्न मराठवाड्यातल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. प्रश्न बाद, आणि गुण उरलेल्या प्रश्नांवर. तिचा खरा दिवस त्या कागदात कुठेच नाही. म्हणून दिल्लीची एम्स, मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि लंडनमधल्या संशोधकांनी मिळून भारतीय प्रश्नावली बांधली. ती आधी रुग्णांशी बोलून, त्यांच्या तोंडून आलेल्या अडचणींवरून घडवली. २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तेहतीस प्रश्न आहेत, एकवीस कामांचे, पाच मनाचे, सात डोळ्यांच्या तक्रारींचे.

मला ही प्रश्नावली वाचताना आपल्या गावातून फिरल्यासारखं वाटतं. रस्त्यातले खड्डे दिसतात का? वाटेत जनावर किंवा गाडी आहे हे कळतं का? बसची पायरी? उन्हातून घरात आल्यावर? रस्त्यापलीकडे उभा आहे तो बाप्या की बाई? भांड्यात ओतताना पातळी कुठवर आली? शौचाला जाताना त्रास होतो? ताटात काही पडलं तर दिसतं? शेवटच्या प्रश्नावर मी दर वेळी थांबते. जेवणात काय पडलं हे न कळणं म्हणजे रोज दोनदा भीतीचा घास घेणं, आणि कुठल्याही तक्त्यावर त्याची ओळ नाही. मनाचे प्रश्नही तितकेच नेमके आहेत. रात्री बाहेर पडायची भीती वाटते का? दिसत नाही याची लाज वाटते का? आपण दुसऱ्यांवर ओझं आहोत असं वाटतं का?

एक कोडं मात्र कोणत्याच कागदाने पुरतं सोडवलेलं नाही. नजर हळूहळू जाते, आणि माणूस एकेक काम तितक्याच हळूहळू सोडून देतो. ते डोळ्यांमुळे सोडलं, वयामुळे, की घरात दुसरे हात आले म्हणून, हे त्यालाही सांगता येत नाही. मग विचारणारा ‘लागू नाही’वर खूण करतो आणि एक मोठं नुकसान कोऱ्या चौकोनात जाऊन बसतं. प्रश्न विचारणाऱ्याने घाई केली तर सगळ्यात जास्त हरलेली व्यक्ती कागदावर सगळ्यात सुखी दिसू शकते.

माझ्या आत्याला मी हे प्रश्न एकदा सहज विचारले. “आत्या, तुझं काय अडतं?”

“काही नाही गं. सगळं सूनबाई करते.”

“आणि ती माहेरी गेली की?”

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. “मग दूध ओतताना बोट आत धरते,” ती म्हणाली. “चटका बसला की थांबायचं.”