राष्ट्रीय फुटबॉल संघ आणि दिल्लीचा दुरावलेला प्रेक्षक

नवी दिल्ली – दिल्ली गेटजवळ दोन क्रीडांगणे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. फिरोजशाह कोटला या जुन्या नावाने परिचित असलेले अरुण जेटली स्टेडियम हे क्रिकेटचे, तर डॉ. आंबेडकर स्टेडियम हे फुटबॉलचे. अर्जेंटिनाचा विश्वविजेता कर्णधार लिओनेल मेस्सी १५ डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीत आला, तेव्हा चाहत्यांनी हजारो रुपयांची तिकिटे काढून क्रिकेटचे मैदान गाठले. मेस्सी तेथे सामना खेळणार नव्हता. चाहत्यांना हवे होते ते त्याचे केवळ दर्शन.

त्याच्या आदल्या महिन्यात, १८ नोव्हेंबर रोजी, भारतीय संघ ढाका येथे बांगलादेशकडून ०-१ असा पराभूत झाला होता. बांगलादेशने भारतावर २२ वर्षांनंतर मिळवलेला हा विजय होता. त्यानंतर जाहीर झालेल्या ‘फिफा’च्या क्रमवारीत भारत १४२व्या स्थानावर घसरला. या दोन घटना एकत्र पाहिल्या की, राजधानीतील चाहत्याचे फुटबॉलवरील प्रेम आटले आहे असे म्हणता येत नाही. आटली आहे ती राष्ट्रीय संघाविषयीची आस्था. असे का घडले, याचे उत्तर बऱ्याच अंशी दिल्लीच्याच गेल्या काही दशकांच्या इतिहासात सापडते.

राजधानीची फुटबॉल परंपरा

भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा आरंभ दिल्लीतच झाला. १९५१ साली येथील नॅशनल स्टेडियमवर पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असे नमवून भारताने सुवर्णपदक पटकावले. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेले खेळाडू. १९६२ मध्ये जकार्ता येथे भारताने पुन्हा आशियाई सुवर्ण जिंकले.

१८८८ साली सिमल्यात सुरू झालेली ड्युरँड चषक स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीत आली. १९४५ पासून डीसीएम करंडक स्पर्धाही येथे भरू लागली. कोलकाता, पंजाब, गोवा, हैदराबाद येथील नामवंत संघ त्यानिमित्ताने दरवर्षी राजधानीत येत. राष्ट्रीय संघातील खेळाडू दिल्लीकरांना ओळखीचे वाटत, ते या नित्य सहवासामुळे. गढवाल हीरोजसारखे स्थानिक संघ तर नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या विशिष्ट समाजांच्या पाठबळावरच उभे राहिले.

आंबेडकर स्टेडियमचे दिवस

२००७ ते २००९ हा काळ दिल्ली आणि राष्ट्रीय संघ यांच्या नात्यातील सर्वांत जवळिकीचा म्हणावा लागेल. इंग्लिश प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने ऑगस्ट २००७ मध्ये आंबेडकर स्टेडियमवर नेहरू चषक जिंकला. अंतिम सामन्यात एन. पी. प्रदीपने केलेल्या एकमेव गोलने सीरियाचा पराभव झाला. त्या दिवशी मैदानाच्या पायऱ्या भरून गेल्या होत्या.

पुढच्याच वर्षी एएफसी चॅलेंज चषकाचा अंतिम सामना हैदराबादेतील पावसामुळे दिल्लीला हलवावा लागला. १३ ऑगस्ट २००८ रोजी भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले. त्यातील तीन गोल सुनील छेत्रीचे होते. या विजयामुळे भारत १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकासाठी पात्र ठरला. छेत्री हा दिल्लीकरांना परका नव्हता. येथील आर्मी पब्लिक स्कूलमध्ये तो शिकला होता आणि मोहन बागानकडे जाण्यापूर्वी दिल्लीच्याच सिटी क्लबकडून खेळला होता. २००९ मध्ये सीरियालाच पेनल्टी फटक्यांवर हरवून भारताने नेहरू चषक राखला. सुब्रत पालच्या गोलरक्षणाने तो सामना गाजला.

२०१२ मध्ये ही स्पर्धा जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाली आणि कॅमेरूनच्या दुय्यम संघाला नमवून भारताने सलग तिसऱ्यांदा चषक मिळवला. त्यानंतर ही स्पर्धा झाली नाही.

सामने गेले, सवय गेली

येथून चित्र पालटले. राष्ट्रीय संघाचे सामने बेंगळूरु, कोची, मुंबई, गुवाहाटी, कोलकाता, भुवनेश्वर, शिलाँग, मडगाव येथे होऊ लागले. देशाच्या इतर भागांना संघ पाहायला मिळणे हे स्वागतार्हच होते. मात्र दिल्ली या यादीत मागे पडली. ड्युरँड चषकही २०१९ मध्ये कोलकात्याला गेला. इंडियन सुपर लीगमधील दिल्ली डायनामोज हा संघ २०१४ पासून नेहरू स्टेडियमवर खेळत असे. २०१९ मध्ये तो भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे मुख्यालय द्वारका येथे आहे. म्हणजे कारभार राजधानीतून आणि खेळ अन्यत्र, अशी स्थिती झाली.

प्रेक्षक मिळत नव्हते असेही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. भारत तिन्ही सामने हरला, तरीही प्रत्येक सामन्याला चाळीस हजारांहून अधिक लोक आले. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल केला, तेव्हा स्टेडियम दुमदुमून गेले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. ही मुले पुढे मोठी झाली. पण त्यांना पुन्हा त्याच मैदानावर पाहण्याची संधी दिल्लीकरांना क्वचितच मिळाली.

छेत्रीचे आवाहन

प्रेक्षकांचा दुरावा संपूर्ण देशासमोर आला तो मुंबईत. १ जून २०१८ रोजी अंधेरी येथे भारताने चिनी तैपेईचा ५-० असा फडशा पाडला. छेत्रीने तीन गोल केले. परंतु सामन्याला जेमतेम अडीच हजार प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीद्वारे हात जोडून विनंती केली. टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर या, असा तिचा आशय होता. युरोपातील क्लबांच्या चाहत्यांनाही त्याने साद घातली. आमचा दर्जा तेवढा नाही हे मान्य, पण तुमचा वेळ वाया जाऊ देणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली.

त्या आवाहनाचा परिणाम झाला, पण तो टिकवणे खेळाडूंच्या एकट्याच्या हाती नव्हते. २०२३ मध्ये भारताने भुवनेश्वर येथे आंतरखंडीय चषक आणि बेंगळूरु येथे सॅफ स्पर्धा जिंकली. क्रमवारीत संघ ९९व्या स्थानी पोहोचला. त्यानंतर मात्र घसरण सुरू झाली. २०२४ च्या आरंभी आशियाई चषकात भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला हरवले. त्या संपूर्ण वर्षात संघाला एकही विजय मिळाला नाही. जून २०२४ मध्ये छेत्रीला निरोप देण्यासाठी कोलकात्यात सुमारे ५९ हजार लोक जमले; पण ते एका खेळाडूसाठी आले होते. मार्च २०२५ मध्ये छेत्रीलाच निवृत्तीतून परत बोलावण्याची वेळ आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली. आंबेडकर स्टेडियमवर २००८ साली उघडलेली ही वाट पुन्हा अडली.

प्रशासनातील गोंधळानेही चाहत्याचा विश्वास डळमळीत केला. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला काही दिवस निलंबित केले होते. २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या कराराचा पेच न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही.

दूरचे क्लब, जवळची पेठ

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथील तरुणांचे फुटबॉलप्रेम या काळात वाढतच गेले. भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानांवर रात्री उशिरापर्यंत खेळ चालतो. मँचेस्टर, लंडन, माद्रिद, बार्सिलोना येथील क्लबांच्या जर्सी सर्वत्र दिसतात. इंग्लंडमधील शनिवार दुपारचे सामने भारतात सायंकाळी सोयीच्या वेळी दिसतात आणि दर आठवड्याला न चुकता दिसतात. राष्ट्रीय संघाचा सामना मात्र काही महिन्यांतून एकदा, दूरच्या शहरात आणि कित्येकदा कामाच्या दिवशी असतो.

राष्ट्रीय संघापेक्षा क्लब प्रिय असणे ही केवळ भारतातील गोष्ट नाही. युरोपातही ती तक्रार जुनी आहे. फरक असा की, तेथील चाहत्याचा क्लब त्याच्या गावात असतो आणि त्या क्लबातूनच राष्ट्रीय संघाचे खेळाडू पुढे येतात. त्यामुळे इटली २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकास मुकला, तेव्हा तो घरचाच आघात ठरला. दिल्लीतील चाहत्याचा क्लब हजारो किलोमीटर दूर असतो आणि त्याच्या संघात भारतीय खेळाडू नसतो. क्लबकडून राष्ट्रीय संघाकडे नेणारा पूलच तेथे नाही.

या संदर्भात कोल्हापूरचे उदाहरण बोलके आहे. विश्वचषकाच्या वेळी ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी सजणारे हे शहर, पाटाकडील तालीम मंडळ किंवा दिलबहार तालीम मंडळ खेळणार असले की शाहू स्टेडियमवरही तेवढ्याच उत्साहाने गर्दी करते. खेळाचा दर्जा दूरचित्रवाणीवरील सामन्यांइतका नसतो, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही लोक येतात, कारण संघ आपल्या पेठेचा असतो आणि तो वरचेवर डोळ्यांसमोर खेळतो.

पुढील वाट

दिल्लीत काही हालचाली झाल्या आहेत. पंजाब एफसीने २०२३ पासून नेहरू स्टेडियमवर आपले सामने खेळले, तर २०२५ मध्ये हैदराबादचा संघ राजधानीत आणून स्पोर्टिंग क्लब दिल्ली स्थापन झाला. मात्र बाहेरून आणलेला संघ आपलासा होण्यास वेळ लागतो, आणि डायनामोजप्रमाणे तोही निघून गेल्यास प्रेक्षक पुन्हा नाते जोडण्यास सहज तयार होणार नाही. याच काळात महिला संघाने आशा जागवली. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून भारतीय महिला २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या.

निष्ठा ही आवाहनाने एका सामन्यापुरती मिळते. ती टिकते सवयीने. २००७ साली आंबेडकर स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांची मुले आज फुटबॉल पाहण्याच्या वयाची झाली आहेत. मेस्सी त्यांना ठाऊक आहे. भारतीय संघ मात्र त्यांनी आपल्या शहरात खेळताना पाहिलेला नाही. त्यांचा उत्साह मावळला असे म्हणण्यापूर्वी तो जागवण्याची संधी त्यांना कितीदा मिळाली, याचाही हिशेब मांडला पाहिजे.